उल्लंघन की भंग : एका नोटिशीतले दोन शब्द

नोटीस चौदा ओळींची होती. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, 'आपण सोसायटीच्या नियमांचे उल्लंघन केले आहे.' नवव्या ओळीत होतं, 'सबब करारनाम्याचा भंग झाल्याने करार संपुष्टात आला असून आपली अनामत रक्कम रु. ५०,०००/- जप्त करण्यात येत आहे.' आणि शेवटी, पंधरा दिवसांत जागा रिकामी करा. तिसऱ्या ओळीतलं उल्लंघन नवव्या ओळीत भंग कसं झालं, याबद्दल मधल्या पाच ओळींत एक अक्षर नव्हतं.

मी पुण्यात एका वकिलांच्या ऑफिसात मसुदे लिहिते. भाडेकरार, मुखत्यारपत्र, हक्कसोडपत्र, बक्षीसपत्र, कधी मराठीचं इंग्रजी, कधी इंग्रजीचं मराठी. हे दोन शब्द मी रोज लिहिते आणि बऱ्याचदा एकाच्या जागी दुसरा लिहिला तरी काही बिघडत नाही. या प्रकरणात बिघडलं असतं. ओळख पटेल असे तपशील मी गाळले आहेत.

नोटीस घेऊन आलेली मुलगी मूळची लातूरकडची, एका रुग्णालयात अतिदक्षता विभागात परिचारिका. धायरीत वन बीएचके फ्लॅट, भाडं महिना १७,०००, करार अकरा महिन्यांचा, रीतसर नोंदणी केलेला. सातवा महिना चालू होता. तिचा धाकटा भाऊ राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेसाठी पुण्यात आला. गुरुवारी पहाटेच्या गाडीनं आला, रविवारी पेपर दिला, सोमवारी सकाळी परत गेला. चार रात्री राहिला. त्यातल्या तीन रात्री हिची नाइट ड्यूटी होती, म्हणजे घरात तो एकटाच.

सोसायटीचा नियम असा, की एका रात्रीपेक्षा जास्त राहणाऱ्या पाहुण्याचं नाव वॉचमनकडच्या रजिस्टरात लिहायचं आणि सेक्रेटरींना कळवायचं. हिनं दोन्ही केलं नाही. नियम माहीत नव्हता असंही नाही. जिन्याखालच्या फळ्यावर तो लावलेला होता आणि तिनं तो वाचलेला होता. "ताई, सख्खा भाऊ आहे, त्याची कसली नोंद करायची, असं वाटलं मला," एवढंच ती म्हणाली. शनिवारी सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, की अमुक फ्लॅटमध्ये एक अनोळखी मुलगा राहतोय. सोमवारी सोसायटीनं फ्लॅटच्या मालकीणबाईंना एक हजार रुपये दंडाचं पत्र पाठवलं. त्या नाशिकला राहतात, एकट्याच असतात आणि महिन्याचा बराचसा खर्च या भाड्यावर चालवतात. ग्रुपवर आपल्या फ्लॅटचा नंबर अशा रीतीनं झळकला, याचं त्यांना फार लागलं होतं. हे मला नंतर कळलं, पण इथेच सांगते, कारण या गोष्टीत कुणी दुष्ट नाही.

मालकीणबाईंनी पाठवलेली नोटीस मुलीनं वाचली आणि बॅग भरायला घेतली. ऑफिसात ती आली ती डिपॉझिटमधले थोडे तरी पैसे परत मिळतील का, एवढंच विचारायला. घर तर गेलंच, असं ती धरून चालली होती. मी विचारलं, असं का वाटलं? ती म्हणाली, "भंग लिहिलंय ना ताई. आमच्याकडे शर्तभंग झाला की जमीन जाते."

मी थांबले. ती कुठल्या अनुभवातून बोलत होती ते मला कळलं. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' असेल, म्हणजे सीलिंगची, वतनाची किंवा सरकारनं दिलेली जमीन असेल, तर ती जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. विकली, आणि तलाठ्यापासून वर कुणाच्या लक्षात आलं, की कागदावर शब्द येतो 'शर्तभंग'. मग नजराणा भरून व्यवहार नियमित होतो किंवा जमीन सरकारजमा होते. खेड्यातल्या माणसाला हा शब्द शाळेत शिकावा लागत नाही. घरातल्या मोठ्यांचे चेहरे बघून तो कळतो. तिच्या चुलत आजोबांच्या तीन एकरांवर असाच शेरा पडला होता. त्यामुळे 'उल्लंघन' तिनं वाचलं आणि सोडून दिलं. 'भंग' वाचला आणि ती कपाटाशी गेली.

एरवी ज्यांना आपण समानार्थी म्हणतो त्या शब्दांचं वजन असं कळतं.

आता शब्दांकडे. 'उल्लंघन' हा उडीचा शब्द आहे. संस्कृतातला 'लंघ्' म्हणजे ओलांडणं, वरून उडी मारणं. मारुतीनं समुद्र उल्लंघला, त्यानं समुद्राला काही झालं नाही. दसऱ्याला आपण सीमोल्लंघन करतो, शिवेपलीकडे जाऊन आपट्याची पानं घेऊन येतो, आणि परत येताना शीव होती तिथेच असते. एका वेळच्या जेवणावरून उडी मारली की ते लंघन. दुसऱ्या दिवशी जेवणाची वेळ आहे तिथेच आहे. म्हणजे उल्लंघनात रेघ शाबूत राहते, हलतो तो माणूस. म्हणून आपण 'वारंवार उल्लंघन' सहज म्हणतो. शाबूत रेघ कितीदाही ओलांडता येते.

'भंग' हा तुटण्याचा शब्द आहे. 'भंज्' म्हणजे मोडणं, फोडणं. मौनभंग, तपोभंग, रसभंग, मनोभंग, शांतताभंग. इथे हलतो तो माणूस नाही. जे सलग होतं ते तुटतं. बैठक रंगात आली असताना कुणाचा फोन वाजला की रसभंग होतो. 'रसाचं उल्लंघन' कुणी म्हणणार नाही. उलट बाजूनं, वेगमर्यादा ओलांडणाऱ्यानं 'वेगभंग' केला असंही कुणी म्हणत नाही. आणि जे कधीच तुटत नाही त्याला आपण अभंग म्हणतो. हा शब्द ज्या भाषेत रोज गायला जातो, त्या भाषेत 'भंग' हलका कसा राहील?

भाषा अर्थात इतकी स्वच्छ वागत नाही. 'आज्ञेचे उल्लंघन' आणि 'आज्ञाभंग' दोन्ही चालतं. पोलिसांच्या कागदात 'मनाई आदेशाचा भंग' असतो आणि त्याच बातमीच्या मथळ्यात 'मनाई आदेशाचे उल्लंघन'. बोलताना तर आपण दोन्ही सोडून 'मोडणे' वापरतो : नियम मोडला, शब्द मोडला, व्रत मोडलं, ठरलेलं लग्न मोडलं. चौकात सिग्नलसुद्धा 'तोडतो', पण दुसऱ्या दिवशी पेपरात ते 'वाहतूक नियमांचे उल्लंघन' होतं. मालकीणबाई फोनवर मुलीला म्हणाल्या होत्या, "तू ॲग्रीमेंट मोडलंस." बोलण्यात ते एकच होतं. ते टाइप करायला गेल्यावर त्याचे दोन शब्द झाले आणि दोन वेगळ्या वाटांनी गेले.

माझा पहिला मसुदा मी त्याच संध्याकाळी लिहिला, आणि आता सांगायला हरकत नाही, मला तो फार आवडला होता. त्यात मी म्हटलं होतं, की घडलं ते उल्लंघन, भंग नव्हे. नियम सोसायटीचा. तो सोसायटी आणि तिची सभासद, म्हणजे मालकीणबाई, यांच्यातला. मुलगी सोसायटीची सभासद नाही. भाडं वेळेवर दिलं, जागा कुणाला परस्पर दिली नाही, भिंतीला खिळा ठोकला नाही. करार जसाच्या तसा आहे. सबब नोटीस निराधार.

सरांनी तो वाचला आणि कराराची प्रत मागितली. करारात भाडेकरूला लायसेन्सी आणि मालकाला लायसेन्सॉर म्हणतात. नववं कलम बोटानं दाखवलं : 'लायसेन्सी सोसायटीचे सर्व नियम व उपविधी पाळील.' मग चौदावं : 'या करारातील कोणत्याही अटीचा भंग झाल्यास लायसेन्सॉर एक महिन्याची लेखी पूर्वसूचना देऊन करार रद्द करू शकेल.'

"नियम सोसायटीचा, बरोबर," ते म्हणाले. "पण तो पाळीन असं वचन हिनं कोणाला दिलं?"

मालकीणबाईंना. नवव्या कलमानं. म्हणजे रजिस्टरात नाव न लिहिणं ही एकच गोष्ट दोन बाजूंनी दोन झाली होती. सोसायटीच्या बाजूनं पाहिलं तर आखलेली रेघ ओलांडली, म्हणून उल्लंघन. मालकीणबाईंच्या बाजूनं पाहिलं तर दिलेलं वचन पाळलं नाही, म्हणून भंग. मी दोन शब्दांतून एक निवडायला बसले होते, आणि इथे दोन्ही खरे होते. रेघ एकतर्फी असते, ती आखणाऱ्यानं आपल्याला विचारलेलं नसतं. वचन दोघांमधलं असतं. कुठला शब्द लागू पडतो हे कृतीवरून ठरत नाही, समोर कोण उभं आहे यावरून ठरतं. इतकी वर्षं हे काम करून मला हे त्या दिवशी नीट कळलं.

मग मुलगी हरली का? माझी भीती तीच होती. सर म्हणाले, भंग झाला हे कबूल करा, आणि मग विचारा, केवढा?

हा प्रश्न मराठी कानाला विचित्र लागतो, कारण भंग म्हटला की आपल्याला संपूर्ण तुटलेलं काहीतरी दिसतं. पण आपल्याच घरात दोन तऱ्हेचे भंग असतात. देवघरातली मूर्ती भंगली तर ती पूजेत ठेवत नाहीत, विसर्जन करतात. व्रतभंग झाला तर मात्र व्रत विसर्जित करत नाहीत. प्रायश्चित्त घेतात आणि व्रत पुढे चालू ठेवतात. माझ्या आजीनं एका चतुर्थीला चुकून चहाबरोबर बिस्किट खाल्लं होतं. दुसऱ्या दिवशी तिनं गणपतीसमोर पाच दूर्वा जास्त वाहिल्या आणि पुढच्या चतुर्थीला पुन्हा उपास केला. मालकीणबाईंची नोटीस भंगलेल्या मूर्तीच्या हिशेबानं लिहिलेली होती. कायदा बहुतेक वेळा व्रतभंगाच्या हिशेबानं चालतो.

१८७२ च्या करार कायद्यात (अधिकृत मराठीत त्याला 'संविदा' म्हणतात, पण तो शब्द कोर्टाच्या आवाराबाहेर मी फारसा ऐकलेला नाही) हे दोन थर स्पष्ट आहेत. कलम ३९ म्हणतं, की समोरच्यानं आपलं वचन पूर्णपणे पाळायला नकार दिला किंवा स्वतःला असमर्थ करून टाकलं, तर दुसऱ्याला करार संपवता येतो. तो मूर्तीचा भंग. कलम ७३ साध्या भंगाबद्दल बोलतं : भंगामुळे सरळ जे नुकसान झालं ते भरून द्या, दूरचं आणि आडवळणाचं नाही. चार रात्रींच्या पाहुण्यानं मालकीणबाईंचं सरळ नुकसान किती झालं? एक हजार रुपये दंड. तोही त्यांनी अजून भरलेला नव्हता.

आणि अनामत? जप्तीचं कलम करारात नव्हतंच. सहाव्या कलमात उलट लिहिलं होतं, की थकीत भाडं, वीजबिल आणि जागेचं नुकसान वजा करून रक्कम परत करायची. पण असतं कलम, तरी काय झालं असतं हे पाहण्यासारखं आहे, कारण अनेक करारांत ते असतं आणि लोक त्याला भिऊन गप्प बसतात. कलम ७४ सांगतं, की करारात आकडा लिहिलेला असला तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा. सर्वोच्च न्यायालयानं २०१५ साली कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या खटल्यात हे अगदी ठळक केलं. प्राधिकरणानं लिलावातल्या एका भूखंडाची ७८ लाखांची इसारा रक्कम जप्त केली होती. पुढे तोच भूखंड फेरलिलावात ११ कोटी ७८ लाखांना गेला. नुकसान झालेलंच नाही तर भरपाई कसली, असं म्हणून न्यायालयानं रक्कम परत करायला लावली. म्हणजे जिथे भंगाचा आरोप होता आणि आकडे कोटींत होते, तिथेसुद्धा प्रश्न हाच विचारला गेला : केवढा?

दुसरा मसुदा एका पानाचा झाला. त्यातला मुख्य भाग देते, कारण शब्द कुठे कोणता ठेवला हे त्यातच दिसेल :

'दि. अमुक ते अमुक या चार रात्री माझ्या अशिलाचे बंधू सदर जागेत पाहुणे म्हणून राहिले व त्यांची नोंद करण्यात आली नाही. सोसायटीच्या पाहुण्यांबाबतच्या नियमाचे हे उल्लंघन झाले, ते माझ्या अशिलास मान्य आहे. सोसायटीने आकारलेला रु. १,०००/- दंड माझी अशील स्वतः भरीत आहे. करारातील कलम ९ चा त्या मर्यादेत भंग झाला, तो वरीलप्रमाणे भरून निघतो. करार चालू आहे. आपणास तो कलम १४ प्रमाणे रद्द करावयाचा असल्यास एक महिन्याची पूर्वसूचना आवश्यक आहे, व अनामत रकमेचा हिशेब कलम ६ प्रमाणेच होईल.'

'त्या मर्यादेत' हे दोन शब्द सरांनी घातले. मुलीनं पत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, "आपण चूक कबूल का करतोय?" मी तिला सांगितलं, की जे झालं ते झालं नाही म्हटलं, तर उरलेल्या पानावर कुणी विश्वास ठेवणार नाही. तिला ते पटायला थोडा वेळ लागला. दंड तिनं दुसऱ्याच दिवशी भरला आणि पावतीचा फोटो पत्रासोबत पाठवला. त्याच पावतीखाली, नियमाला धरून नाही तरी, भावाच्या परीक्षेच्या हॉल तिकिटाचा फोटोही तिनं जोडला. मी अडवलं नाही. त्या फोटोत पेपरची तारीख दिसत होती.

पत्र पोचल्यावर चौथ्या दिवशी मालकीणबाईंचा ऑफिसात फोन आला. आवाज चढलेला नव्हता. नोटीस त्यांनी जवळच्या टायपिंगवाल्याकडून लिहून घेतली होती. त्यानं दुसऱ्या कुठल्या तरी नोटिशीवरून, बहुधा भाडं थकवणाऱ्या भाडेकरूला पाठवलेल्या नोटिशीवरून, खालच्या ओळी उचलल्या होत्या. "त्यानं सांगितलं भंग लिहावं लागतं, मग मला वाटलं सगळं संपलंच," त्या म्हणाल्या. म्हणजे त्याच शब्दानं दोघींना एकाच ठिकाणी नेऊन उभं केलं होतं. एकीला वाटलं आपलं घर गेलं. दुसरीला वाटलं आता हिला ठेवणं शक्यच नाही, कागदावर तसं लिहून झालंय. मी त्यांना पत्रातल्या कलमांचा क्रम समजावून सांगितला. त्यांनी मध्येच विचारलं, "तो मुलगा पास झाला का?" निकाल तेव्हा लागायचा होता.

नोटीस मागे घेतल्याचं दोन ओळींचं पत्र आठवड्यात आलं. मुलगी उरलेले चार महिने तिथेच राहिली आणि मुदत संपल्यावर रुग्णालयाजवळ खोली घेतली. अनामत रक्कम शेवटचं वीजबिल वजा होऊन परत मिळाली.

आमच्या ऑफिसातला भाडेकराराचा नमुना मात्र मी बदलला. जुन्या नमुन्यात 'कोणत्याही अटीचा भंग' असे तीन शब्द होते, आणि पाहुण्याची नोंद विसरणारा व सहा महिने भाडं थकवणारा त्या तीन शब्दांत शेजारी शेजारी बसत होते. आता त्या जागी हे आहे :

'लायसेन्सीकडून सोसायटीच्या नियमाचे उल्लंघन झाल्यास सोसायटीने आकारलेला दंड लायसेन्सी भरील व कळविल्यापासून सात दिवसांत चूक दुरुस्त करील. तेवढ्यावरून करार रद्द करता येणार नाही. लेखी सूचना मिळूनही तेच उल्लंघन पुन्हा घडल्यास, सलग दोन महिन्यांचे भाडे थकल्यास, अथवा जागा परस्पर दुसऱ्यास वापरावयास दिल्यास तो करार रद्द करण्याजोगा भंग समजला जाईल.'

'रद्द करण्याजोगा भंग' कानाला जड लागतं, हे मला मान्य आहे. नुसतं 'भंग' लिहून मी ते हलकं करणार नाही.

त्या फ्लॅटचा पुढचा करार मालकीणबाईंनी आमच्याकडूनच करून घेतला. मसुदा त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवला, तर त्यांनी फोन करून तो मला मोठ्यानं वाचून दाखवला. या कलमाशी आल्यावर थांबल्या, पुन्हा एकदा वाचलं आणि म्हणाल्या, यात एक वाक्य वाढवा. पाहुणा राहणार असेल तर रजिस्टरात लिहा, सेक्रेटरींना कळवा, ते ठीक आहे, पण मलाही एक मेसेज करा. ग्रुपवर कुणी विचारलं तर मला सांगता आलं पाहिजे, कोण आहे ते.

ते वाक्य मी कलमात घातलं.